गाणंबाईंच्या जागी

मी जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. या वयात रचून सांगायची हौस मला नाही. हे माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलं आणि तिने ते स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. रात्रीची नाही.

भर दुपारची.

घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात, साठी उलटली तरी. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने पुढच्या खोलीत मुलांचा वर्ग सुरू केला. चित्रं, गोष्टी, थोडं वाचन. वर्षातून एकदा मुलांना कुठेतरी फिरवून आणायचं, हा तिचा नेम.

या खेपेला जागा सुचवली गाणंबाईंनी.

गाणंबाई म्हणजे धाकटीच्या शाळेतल्या संगीताच्या बाई. मुलांनी ठेवलेलं नाव पुढे सगळ्यांच्याच तोंडी बसलं. दोघींनी अख्खी नोकरी एका डब्यात जेवून काढली होती. धाकटीच्या बाळंतपणात गाणंबाई उशाशी बसून होत्या, मी नव्हते.

पण वर्षभर त्या गात नव्हत्या. गळा बसलाय म्हणायच्या. घरात क्षणभरही एकट्या राहायच्या नाहीत...

"दोन दिवसांची सहल कर," त्या म्हणाल्या. "लहानसं गाव आहे. विणकरांची गल्ली, दगडातलं कोरीवकाम आणि एक जुनं नाट्यगृह. मी गेल्या वर्षी जाऊन आले ना. पोरं खूश होतील."

मग काय, जेवणाच्या टेबलावर बेत रंगला. बसमध्ये उलट्या करणाऱ्यांना खिडकी, भांडकुदळांना एकमेकांपासून लांब.

"नाट्यगृहाच्या वरच्या सज्जात एक बाई बसलेल्या असतात," गाणंबाई म्हणाल्या. "त्यांना एवढंच सांगायचं, गाणंबाईंच्या जागी आलोय. माझी ओळख आहे. मग निवांत बघू देतात."

"मी आधी एकटी जाऊन बघून येते."

"कशाला उगाच खेप? मी पाहिलंय की सगळं."

"संडास पाहिलास? जिन्याला कठडा आहे?"

एरवी गाणंबाई यावर खो खो हसल्या असत्या. त्या हसल्या नाहीत.

"एकटी नको जाऊस," त्या म्हणाल्या. "मुलांनाच घेऊन जा."

धाकटीला वाटलं, काळजीपोटी म्हणतेय.

मुलांच्या बाबतीत धाकटी कुणाचं ऐकत नाही. न पाहिलेल्या जागी ती पोरांना नेत नाही म्हणजे नाही. दुसऱ्याच दिवशी, कुणाला न सांगता, तिने सकाळची बस पकडली.

गाव खरंच छान होतं. अरुंद रस्ते, स्वच्छ ओटे. विणकरांच्या गल्लीत घराघरातून मागांची खटखट येत होती. तिने संडास पाहिले, पिण्याचं पाणी पाहिलं. दुपारी ती नाट्यगृहात पोचली.

दारावर एक माणूस तिकिटं देत होता. "या बाई. सावकाश बघा," एवढंच म्हणाला.

ती जिना चढू लागली. कठडा भक्कम होता. शेजारच्या गल्लीतली मागांची खटखट वरपर्यंत ऐकू येत होती.

शेवटच्या पायरीवर तिने पाय ठेवला...

आणि खटखट थांबली.

एका घरातली नाही. सगळ्या गल्लीतली. एकदम.

सज्जात अंधुक उजेड होता. पुढच्या बाकावर, रिकाम्या रंगमंचाकडे तोंड करून, एक बाई बसली होती. राखाडी साडी. ताठ पाठ.

"नमस्कार," धाकटी म्हणाली. "मी गाणंबाईंच्या जागी आलेय."

बाई वळली नाही. तिने फक्त...

श्वास घेतला.

गाणं म्हणण्याआधी घेतात ना, तसा. खोल, लांब, छाती भरून.

धाकटी थांबली. आता सूर लागेल, मग लागेल.

सूर लागला नाही. श्वास बाहेरही आला नाही.

तिचे डोळे अंधाराला सरावले. तिने नीट पाहिलं.

बाकावर कुणीच नव्हतं.

जिना एकच, आणि तो धाकटीच्या पाठीमागे. तिच्या बाजूने कुणीही गेलं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या डाव्या कानाशी, अगदी जवळ...

पुन्हा तोच श्वास.

ती खाली कशी आली, तिचं तिला कळलं नाही. तिकीटवाल्याने दार उघडून धरलं. ती बाहेर पडली. रस्त्यावर येऊन तिने मागे वळून पाहिलं.

तो अजून दार धरून उभा होता. कुणालातरी वाट देत असल्यासारखा, जरासा मान झुकवून.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. लोक उभे होते. तिच्या डावीकडची जागा मात्र रिकामी राहिली. कुणी विचारलंसुद्धा नाही.

घाट उतरताना एकदा. पुलावर एकदा. घराचं कुलूप काढताना एकदा...

श्वास. नुसता श्वास.

घाबरलेलं माणूस कुणाला हाक मारणार? तिने गाणंबाईंना फोन लावला. फोन त्यांच्या सुनेने उचलला. मागे कुणीतरी मोकळ्या गळ्याने गात होतं.

"मावशी, ऐकताय ना?" सून आनंदाने म्हणाली. "आईंचा गळा सुटला. आज दुपारी अचानक. तेव्हापासून थांबायचं नावच घेत नाहीत."

धाकटीने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या दारात उभी राहिली. गाणंबाईंनी दार अर्धंच उघडलं. त्यांची नजर धाकटीच्या डाव्या खांद्यापलीकडे गेली आणि पटकन खाली वळली.

"तू एकटीच गेलीस?" त्यांनी विचारलं.

"तुला ठाऊक होतं."

"तुला सांगत होते ना मी, एकटी जाऊ नकोस म्हणून."

"तुला ठाऊक होतं गं."

गाणंबाई रडू लागल्या. "एक वर्ष काढलंय मी. तोंड उघडलं की माझ्या आधी ती श्वास घ्यायची. झोपेत, जेवताना. माझ्या जागी कुणीतरी आलं तरच सुटका होती. पण तुझ्यावर यावं असं माझ्या मनात नव्हतं. देवाशपथ नव्हतं."

"मग कुणावर?"

त्यांनी पदराने डोळे पुसले.

"कुणावर यायला हवं होतं?"

"तू कुठेही गेलीस की ओळख करून द्यायला मुलांनाच पुढे करतेस," गाणंबाई हळूच म्हणाल्या. "धीट होतात म्हणतेस. मला वाटलं, इथेही त्यांच्यातलंच कुणीतरी बोलेल."

धाकटी म्हणते, तो श्वास तिने सोसला असता. हे वाक्य सोसवलं नाही.

"तुला सगळी मुलं नावानिशी माहीत आहेत," ती म्हणाली. "कोण आलं होतं तुझ्या मनात?"

गाणंबाईंनी दार आणखी थोडं लोटलं.

"ती दोन वेण्यांची. पुढे पुढे करते ती."

दोन वेण्यांची ती पोरगी म्हणजे माझी नात.

निघताना गाणंबाई दाराआडून म्हणाल्या, "तूही कुणालातरी पाठव गं. सोपं आहे." त्यानंतर त्या दोघी बोललेल्या नाहीत. गाणंबाई आता पुन्हा शिकवण्या घेतात. गळा पहिल्यापेक्षा गोड झालाय म्हणतात लोक.

सहल रद्द झाली. मुलांना तिने सांगितलं की जिन्याला कठडा नाही. तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं.

मी तिला विचारलं, "आता काय करणार?"

"काही नाही. ती माझ्यापाशीच राहील," धाकटी म्हणाली. "मी कुणाला पाठवायची नाही."

गेल्या आठवड्यात नातीला आणायला मी तिच्याकडे गेले. मुलं पांगली होती. धाकटी सतरंजीवर बसून रंगांच्या पेट्या आवरत होती. मी तिच्याजवळ टेकले, डाव्या बाजूला. लक्षातच आलं नाही.

तिने माझं मनगट धरलं आणि मला ओढून उजवीकडे बसवलं.

मग आम्ही दोघी पेट्या आवरत राहिलो.

पण मी क्षणभर बसले होते ना, ती जागा...

कोमट होती.