थोडं अजून मागं

टेलिव्हिजन लावणं हे दोन माणसांचं काम. एकाने गच्चीवर अँटेनाचा पाइप धरून फिरायचं, दुसऱ्याने खोलीत संचासमोर बसून ओरडायचं. वरचा विचारणार, "आलं का?" खालचा सांगणार, "न्हाई... आलं, आलं... ग्येलं!" सिंहगडावरून पुण्याचं प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा संगमनेरात ज्यांची ऐपत होती त्यांच्या गच्च्यांवर हा तमाशा संध्याकाळी चाले आणि गल्लीतली माणसं तो फुकटात बघत.

रशीद रेडिओवाला मात्र गेले पाच महिने हे काम एकट्याने करत होता. आधी त्याच्या जोडीला बाबाजान असे. बाबाजान म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, मेहताबचा नवरा. दिवाळीच्या सुमारास एका गच्चीवर पाइप धरून मागे मागे सरकताना तो मागच्या बोळात पडला. दवाखान्यात नेलं तेव्हा धुगधुगी होती. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. तेव्हापासून मेहताब भावाकडेच राहत होती. रडणं कधीच संपलं होतं. पण चार-आठ दिवसांनी, ताट वाढता वाढता, ती एकच गोष्ट विचारी.

"तू लगेच धावलास ना, भाई?"

"लगेच," असं म्हणून रशीद ताटात बघत राही.

चौऱ्याहत्तरच्या मार्चात त्याला बोटा गावाच्या अलीकडे, पठारावरच्या एका वस्तीवर बोलावणं आलं. घर काकासाहेबांचं. दोन ट्रकांचे मालक, आवाज ट्रकच्या भोंग्यासारखा, आणि पंचक्रोशीतला पहिला टेलिव्हिजन आपल्याच घरी यावा ही हौस. तीनच्या एसटीने रशीद उतरला तेव्हा ते स्वतः फाट्यावर उभे होते.

"रशीदभाई, त्या तिकडं आर्वीला उपग्रहाची येवढी मोठी थाळी बसवलीय सरकारनं," त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. "त्यातलं थोडं आमच्या घरात सांडंल का न्हाई?"

"ती थाळी फोन-तारांसाठी, काकासाहेब. आपल्याला सिंहगडाकडं तोंड करून काड्या लावायच्या."

"काड्या तर काड्या! पर चित्र सोच्छ पायजे. समदी वस्ती येनार हाय."

संच आतल्या खोलीत टेबलावर ठेवलेला, वर छबूबाईंनी विणलेला रुमाल. छबूबाई म्हणजे काकासाहेबांची बायको. त्यांनी चहा दिला आणि कांदे काढायला लावलेल्या बाया एकट्या आहेत म्हणून लगबगीने रानात गेल्या. काकासाहेबांना वस्तीवर बोलावणी करायची होती.

"लाईट सहाला येती," ते म्हणाले. "तवर वरचं उरकून घ्या. पोरं संचाला हात लावत्याल, म्हून कुलूप घालतो. किल्ली तुमच्यापाशीच ठिवा."

रशीदने किल्ली खिशात टाकली आणि शिडी चढला.

स्लॅब नवाकोरा होता. कठडा अजून बांधायचा होता. मागच्या अंगाला नव्या विहिरीतून काढलेल्या दगडांचा ढीग थेट भिंतीपर्यंत आलेला. त्याने ते सगळं नीट बघून ठेवलं. हल्ली तो आधी कडा बघायचा, मग हत्यारं काढायचा. ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडून त्याने अँटेना तयार केली, चपटी वायर अडकवली, तिचं भेंडोळं पायाशी ठेवलं. खाली सोडायची वेळ अजून आली नव्हती. मग वजनाचा अंदाज घ्यायला त्याने पाइप उभा धरला आणि नैर्ऋत्येला तोंड केलं. ऊन उतरू लागलं होतं. रानातून कांद्याच्या पातीचा उग्र वास येत होता.

"थोडं मागं," खालून कुणीतरी म्हणालं.

काकासाहेब परतले असावेत. अंगणातून त्यांना पाइप वाकडा दिसत असेल. रशीद एक पाऊल मागे सरला.

"हां, तस्सं. थोडं अजून मागं."

तो आणखी सरला. पाइपाचं टोक वर हेलकावत होतं, त्यामुळे नजर वरच ठेवावी लागत होती.

"मुंग्या कमी झाल्या. अजून थोडं."

रशीद थांबला. मुंग्या म्हणजे पडद्यावर दिसणारे ते वळवळणारे ठिपके. हा त्याच्या धंद्यातला शब्द, काकासाहेबांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी अजून टेलिव्हिजन चालू झालेला पाहिलासुद्धा नव्हता. शिवाय घरात लाईट नव्हती. संध्याकाळपर्यंत हवेत कार्यक्रमही नव्हता. वायरचं दुसरं टोक त्याच्याच पायाशी पडलं होतं.

रशीद भुताखेतांना मानणारा नव्हता. आवाज येतो म्हणजे कुठेतरी तार जोडलेली असते, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने अंगणात नजर टाकली. दोन कोंबड्या माती उकरत होत्या. बाकी चिटपाखरू नव्हतं. आवाज अंगणातून येत नव्हताच. तो येत होता बरोबर पायाखालून, कुलूप लावलेल्या खोलीतून.

"काकासाहेब?" त्याने हाक मारली.

"बोलू नकोस, धरून ठेव. थोडं अजून मागं, बाबाजान."

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. नावामुळे आलाच, पण त्याहून आवाजामुळे. तो कुणाचा हे ओळखायला त्याला वेळ लागला, कारण आपला आवाज माणूस सहसा बाहेरून ऐकत नाही. एकदा शाळेचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आला होता, तेव्हा त्याने सहज बोलून बघितलं होतं. ऐकल्यावर "हा कोण?" असं त्याने विचारलं आणि बाबाजान पोट धरून हसला होता.

खाली तोच आवाज होता. रशीदचा.

त्याने पाय हलवून बघितला. टाचेखाली काहीच नव्हतं.

"बास! आलं!" खालचा रशीद आनंदाने ओरडला. "काय झकास आलंय!"

मग सगळं शांत झालं.

रशीद कडेवर तसाच उभा राहिला. पुढे सरायला हवं हे कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते. आता तो खालचा उठेल, बाहेर येईल, असं त्याला वाटत होतं. कुणी उठलं नाही. कोंबड्या उकरत उकरत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला गेल्या. हातातला पाइप घामाने निसटू लागला. खाली कुणीच उठलं नाही.

इतका वेळ? खरंच इतका वेळ?

"मी धावलो नाही, बाबाजान," तो शेवटी म्हणाला. आवाज नेहमीचाच निघाला, समोर कुणी बसलेलं असावं तसा. "तू पडलास, पण पाइप लिंबाच्या झाडात अडकला आणि चित्र तसंच राहिलं. मालक पेढे आणायला गेले होते, मी एकटाच होतो. पडद्यावर एक बाई सतार लावत होती. खुंट्या पिळत होती. आता वाजवेल, आता वाजवेल म्हणून मी बघत बसलो. तू ओ दिली नाहीस, ते माझ्या लक्षातच आलं नाही."

खाली खुर्ची सरकली.

पावलं धावत निघाली. घराला वळसा घालून ती मागे आली आणि बरोबर त्याच्या खाली, दगडांपाशी थांबली.

रशीदने वाकून पाहिलं नाही. तो पुढे पडला, पाइप छातीशी धरून स्लॅबच्या मधोमध सरपटत गेला आणि काकासाहेबांचा भोंगा फाट्यावरून ऐकू येईपर्यंत तिथेच पडून राहिला.

किल्ली खिशात होती. खोली उघडली तर रुमालसुद्धा हललेला नव्हता.

संध्याकाळी त्याने अँटेना गच्चीच्या मधोमध पक्की केली, चार बाजूंनी तारांचे ताण दिले, संच जोडला. चित्र पहिल्या झटक्यात आलं. वस्तीने टाळ्या पिटल्या. "बया, किती सोच्छ!" छबूबाई म्हणाल्या. काकासाहेबांनी जेवायचा आग्रह केला. रशीदने पडद्याकडे पाठ करून हत्यारं आवरली आणि परतीची एसटी पकडली.

चंदनापुरीचा घाट उतरताना त्याने ठरवलं, आज मेहताबला सगळं सांगायचं. जोडे मारले तरी खायचे. ती घर सोडून गेली तर जाऊ द्यायचं. पाच महिन्यांनी पहिल्यांदाच त्याला जरा मोकळं वाटलं.

त्याने दार ठोठावायच्या आधीच मेहताबने उघडलं. चूल पेटलेली नव्हती. चार वाजल्यापासून ती घरातल्या रेडिओपाशीच बसून असावी, कारण दुपारच्या चहाचा कप तिथे तसाच भरलेला होता, वर साय धरलेली. ती रडली नव्हती. भावाकडे तिने नीट निरखून बघितलं.

"मेहताब, मला तुला काही सांगायचंय," तो म्हणाला.

तिने मान हलवली. काही सांगू नकोस, अशी.

"एवढंच सांग, भाई," ती म्हणाली. "त्या बाईनं शेवटी सतार वाजवली का?"