दिवा हलवला की चढायचं

माझं नाव लॅरिसा. मी दहावीत आहे आणि या वर्षी पहिल्यांदाच शाळेनं मला स्टेजवर बोलायला निवडलंय. नववीपर्यंत हजेरीला ‘प्रेझेंट मिस’सुद्धा मी शेजारणीला म्हणायला लावायचे. आता मला थांबवावं लागतं. शाळेच्या प्रदर्शनातल्या या भाषणासाठी मी विषय घेतला चाकांच्या आगबोटींचा. दोन्ही बाजूंना मोठाली लाकडी फळ्यांची चाकं असलेल्या या वाफेच्या बोटी नद्यांवरून शहरं आणि शेतीची गावं जोडायच्या. शहराकडे भात, नारळ, विड्याची पानं. परत येताना कापड, रॉकेल आणि नापास होऊन घरी निघालेली मुलं. शेवटचं मी पदरचं घातलंय, पण खरं असणारच.

विषय मिळाला पप्पांमुळे. पप्पा इथे अजमानजवळ, हमरिया फ्री झोनमधल्या एका बोटींच्या यार्डात सुपरवायझर आहेत. तिथे दुबईच्या कुठल्याशा हॉटेलसाठी डिनर क्रूझची बोट बनतेय. सांगाडा नवाकोरा, पण चाकं खरी, बंगालमधल्या मोडीत निघालेल्या एका आगबोटीची.

"चाकं शोभेला," पप्पा म्हणाले. "कशालाच जोडलेली नाहीत. बोट चालणार डिझेलवर."

हे मी स्कूलबसमध्ये कुबराखालाला सांगितलं. ती आमच्या बसमध्ये मुलांना सांभाळणारी आँटी, बंगालमधल्याच बरिशालजवळच्या एका नदीकाठच्या खेड्यातली. एरवी बेल्ट लावला नाही की तिचं सुरू व्हायचं, "ए हीरोइन, बेल्ट कौन लगाएगा, तेरा ड्रायव्हर?" पण गेले काही दिवस ती गप्प होती. गावी तिची आई अंथरुणाला खिळली होती. बदली बाई मिळेपर्यंत रजा नाही, म्हणून तिकीट पुढच्या गुरुवारचं.

"गुरुवार तक रुक जाए बस," ती म्हणायची. "एक बार देख लूँ. इन्शाल्ला."

चाकांचं ऐकल्यावर मात्र ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"हमारे गाँव में घाट नहीं था," ती म्हणाली. "किनारे से बत्ती हिलाओ, तो स्टीमर रुकती थी. अम्मा हिलाती थी. मैं उसी में बैठके शहर आई."

"सो कूल," मी म्हटलं.

"लेकिन बत्ती हिलाई तो चढ़ना पड़ता है. बुलाके खाली नहीं भेजते."

"नाहीतर काय होतं?"

"पता नहीं. कभी किसी ने खाली भेजी ही नहीं."

शनिवारी सकाळी पप्पा मला व्हिडिओसाठी यार्डात घेऊन निघाले. खालालाही यायचं होतं. अजमानमध्ये त्या दिवशी असं धुकं होतं की आमच्या गॅलरीतून समोरची मशीदही दिसेना. गेटवर हमदुल्ला नावाच्या गार्डनं आम्हाला हेल्मेट आणि पिवळीजर्द जॅकेटं दिली. पाठीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ‘व्हिजिटर’.

"जॅकेट वापस चाहिए," तो म्हणाला.

"खाला, एकदम इंजिनिअर लगती हो," पप्पा हसले.

"तो पगार भी वैसी दिलाओ, विन्स्टन भाई."

बोट जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चाक आमच्या बसपेक्षा उंच, साखळीनं बांधलेलं. खालानं एका फळीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मी माझा फोन पप्पांच्या हातात दिला, त्यांची मोठी बॅटरी घेतली आणि समोर जाऊन उभी राहिले.

"मत हिला," खाला म्हणाली. "तू चढ़ेगी क्या?"

"खाला, चिल. इट्स जस्ट अ व्हिडिओ."

मी बॅटरी डावीकडून उजवीकडे, सावकाश हलवली.

काही झालं नाही. फक्त पलीकडच्या शेडमधला ग्राइंडरचा आवाज दूर गेल्यासारखा वाटला. मग वास आला. आमच्या समुद्राला मीठ आणि डिझेलचा वास येतो. हा ओल्या चिखलाचा होता, कुजलेल्या पेंढ्याचा. चाकाच्या खालच्या फळीवरून पाणी ठिबकत होतं. मी बोट लावलं आणि, का ते विचारू नका, चाटून बघितलं.

गोडं पाणी.

चाक एका फळीएवढं फिरलं. साखळी होती तिथेच होती, बांधलेली.

"वारा," पप्पा म्हणाले. धुक्यात वारा कुठला?

खाला माझ्या शेजारी नव्हती. ती शिडीवर अर्ध्यात पोचली होती.

"खाला, उतरो," पप्पा ओरडले. "ऊपर रेलिंग नहीं लगी है."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "तूने बुलाया है, बेटा. किसी को तो जाना पड़ेगा."

पप्पा तिच्या मागे चढले. त्यांच्या बुटांचा आवाज बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"वर कुणी नाही," ते म्हणाले. हळू आवाजात.

चाक फिरतच होतं.

तिला परत आणायची एकच रीत मला माहीत होती. मी बॅटरी पुन्हा हलवली. आणि या वेळी चढायचंच, म्हणून शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

चाक थांबलं.

वरून खाला उतरत होती. मी पाय मागे घेतला.

तिची सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती. पायाच्या बोटांमध्ये काळा, मऊ गाळ होता. अंगात जॅकेट नव्हतं.

"अम्मा को ठंड लग रही थी," ती म्हणाली. कुणीतरी डबा विसरलं, असं सांगावं तसं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊ होता. ती ऐकत राहिली, मग बंगालीत एवढंच म्हणाली, "जानि." तिला माहीत होतं. आई नुकतीच गेली होती. गाडीत मात्र ती खूप रडली, मी तिचा हात धरून बसले.

जॅकेटसाठी पप्पांनी दुपारभर बोट पालथी घातली.

संध्याकाळी मम्मीनं खालाला आमच्याकडेच ठेवून घेतलं. जेवताना तिच्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. पत्र्याचं घर, बायकांची गर्दी, रिकामी खाट. तो खाटेकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता.

"पूछता है, ये किसका है," खालानं सांगितलं. "सुबह नानी ने ओढ़ रखा था."

पप्पांनी चष्मा लावला. खाटेच्या कठड्यावर पिवळंजर्द जॅकेट होतं. नीट घडी केलेलं, पाठीवरची इंग्रजी अक्षरं वर.

पप्पांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावलाच नाही. "हमदुल्लाला सांगतो," ते शेवटी म्हणाले. "हरवलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी निघताना खालानं माझ्या केसांवरून हात फिरवला.

"मिल ली मैं. तेरी वजह से," ती म्हणाली. मग, "दूसरी बार भी तूने ही हिलाई थी ना?"

"हो."

"और चढ़ी नहीं."

मी नाही म्हणून मान हलवली.

"डर मत," ती अगदी मायेनं म्हणाली. "स्टीमर जल्दी नहीं करती. खड़ी रहती है."

सोमवारी माझं भाषण झालं. छान झालं, सगळे म्हणतात. व्हिडिओ मी दाखवला नाही. धुकं विरून आठवडा झालाय. ऊन चांगलं कडक आहे, तरी चाकाच्या फळ्या वाळत नाहीत, असं पप्पा मम्मीला सांगत होते.