ओढा डोंगरावर

जगदेवीच्या कोपराचा टेबलाला धक्का लागला अन् रेवणसिद्ध ओरडला, "अहो बाई, माझा डोंगर हलवलात की!"

लातूर जिल्हा नवा, पाणी शोधणाऱ्यांचं भाड्याच्या घरातलं हे ऑफिस नवं; दुष्काळ तेवढा जुना. जगदेवी इथं नकाशे काढायची. हा उदगीरचा भूवैज्ञानिक नांदेडहून आठवड्यासाठी आलेला... अन् दोन दिवसांत तिच्याशी बोलला होता तो नुसतं "नमस्कार".

"कागदाचा डोंगर, साहेब? दाखवा तरी."

दोन भिंगांच्या बुटक्या यंत्राखाली विमानातून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवलेले होते. ती वाकली. तो एक फोटो हळूच सरकवू लागला.

"आता?"

"दोन-दोन दिसून राहिलंय सगळं."

"आता?"

"जवळ आलं... अजून थोडं—"

"तुमच्या डोळ्यांतलं अंतर जरा कमी हाय. माझ्यापेक्षा."

"माझे डोळे कधी मोजले तुम्ही?"

त्याचे कान लाल झाले.

अन् एकाएकी जमीन उठली! सपाट कागदात चढ-उतार उमटले. जगदेवीच्या अंगावर शहारा आला. हे तर चाकूरजवळचं तिचंच गाव; तिचे वडील, अप्पा, अजून तिथंच राहायचे! गावाला एकच बोअर मंजूर झालं होतं, अन् उद्या सकाळी मशीन तिथंच जाणार होतं.

ती थबकली. "साहेब, आमचा ओढा डोंगरावर चढलाय. अन् महादेवाचं देऊळ खड्ड्यात! ते तर टेकडीवर हाय."

रेवणसिद्धनं भिंगातून बघितलं अन् कपाळावर हात मारला. डावा फोटो उजवीकडे! त्यामुळं खोल ते उंच, उंच ते खोल झालेलं. बोअरची खूण त्यानं टेकडीच्या कोरड्या माथ्यावर केली होती.

"ध्यान कुठं होतं सकाळपासून?"

"समोरच्या टेबलावर," तो पुटपुटला.

समोरचं टेबल जगदेवीचं होतं. तिनं मान खाली घातली, पण हसू काही आवरेना.

फोटो अदलाबदल करून, अंतर पुन्हा जुळवून दोघांनी ओढ्याच्या वळणावर नवी खूण केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं आधी धूळ उडाली, मग चिखल, मग पाणी! सगळा गाव घागरी घेऊन धावला. नखशिखांत भिजलेला रेवणसिद्ध जगदेवीसमोर येऊन उभा राहिला.

"लातूरला बदली मागून राहिलोय मी. अन्... तुमच्या अप्पांकडं तुम्हाला."

किती वाट बघितली होती तिनं याच्या बोलण्याची!

"आज काही उलटं नाही ना लावलं, साहेब?"

"न्हाई. आज नीट बघून बोलून राहिलोय."

"मग चला," ती म्हणाली, "तुमच्या मागंच घागर भरून राहिले अप्पा."