नेणारी व्यक्ती क्रमांक तीन

घरातून निघताना संजना गॅसचं बटण तीनदा बघायची. एकदा डोळ्यांनी, एकदा हातानं आणि एकदा चप्पल घातल्यावर पुन्हा आत येऊन. तिचा नवरा शेखर चांदवडच्या शाळेत शिक्षक. तो सहाच्या एसटीनं निघून गेलेला असायचा, त्यामुळे तिला हसायला घरात कुणी नसायचं. साडेतीन वर्षांची वेदिका मात्र दारात उभी राहून मोजायची. "झालं तीन. चल आता."

पाथर्डी फाट्यावरून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत स्कूटीनं दहा मिनिटं. संजना ज्या कारखान्यात होती तिथं ट्रकचे ब्रेक बनायचे, आणि आवारातच कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर होतं. हिरवं लोखंडी फाटक, आत दहा पावलं फरशी, मग एक बसकी इमारत आणि तिला फाटकाकडे तोंड करून मोठी काचेची खिडकी. या पाळणाघरापायी संजनानं पुण्याची चांगली नोकरी नाकारली होती. लेक आपल्या खुर्चीपासून दोनशे पावलांवर आहे, एवढ्या एका गोष्टीवर तिचा दिवस निभायचा.

"जाते," फाटकाशी वेदिका म्हणायची.

"जाते म्हणू नये बाळा. येते म्हणावं."

"पण मी तर आत जाते."

"तरी येते म्हणायचं. येते म्हटलं की माणूस परत येतं."

मुलांना सांभाळणाऱ्या वत्सलाबाई येवल्याकडच्या. त्यांना या मायलेकींची रोजची तालीम बघून हसू फुटायचं. "ताई, पोरगी आत आली की तुमचं नाव बी काढत नाय. दिवसभर मावशी, मावशी. माय मरो अन् मावशी उरो म्हणत्यात ते काय खोटं हाय व्हय?"

संजना हसायची. पण ते वाक्य दुपारपर्यंत कुसळासारखं टोचत राहायचं.

तिचं काम ओळखीचं होतं, म्हणजे शब्दशः ओळखीचं. कारखान्यातल्या प्रत्येक माणसाकडे कार्ड, आणि कार्डाच्या पोटात एक डिजिटल सर्टिफिकेट: हा माणूस तोच आहे, अशी कंपनीची ग्वाही. या ग्वाहीला मुदत असते. ती वेळेत वाढवली नाही तर फाटकं माणसाला ओळखत नाहीत, मग तो वीस वर्षांचा जुना फिटर असो की खुद्द मॅनेजर. मुदत वाढवायचं काम एक टूल करायचं, रोज सकाळी दहाला, आपोआप. ते संजनानं लिहिलेलं नव्हतं. तिच्या आधी मयूर ते सांभाळायचा, त्याच्या आधी आणखी कुणी. ती फक्त देखभाल करायची. टूलचा एकच नियम पक्का होता. ज्याचं कार्ड गेल्या महिन्याभरात एखाद्या तरी फाटकाला दाखवलं गेलंय, त्याचीच मुदत वाढवायची. जो येतो तो आपला.

सोमवारी वरून आदेश आला की सगळ्या सर्टिफिकेटांची मुदत वर्षावरून नव्वद दिवसांवर आणा. टूल बदलायचं म्हणजे आधी मोजदाद आली. संजनानं कार्डांचं रजिस्टर काढलं. दिलेली कार्डं सहाशे बारा. सर्टिफिकेटं सहाशे तेरा.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, एकानं काय होतंय. संजनानं दोन्ही याद्या ओळीला ओळ लावून तपासल्या. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी जास्तीची ओळ सापडली, आणि तिचा डबा तसाच बंद राहिला.

ती ओळ पाळणाघरातल्या वेदिकाच्या नोंदीतून आली होती. पाळणाघरातल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीत त्याला घरी नेणाऱ्या माणसांची नावं असतात.

नेणारी व्यक्ती १: संजना. नातं: आई.
नेणारी व्यक्ती २: शेखर. नातं: वडील.
नेणारी व्यक्ती ३: सरुबाई. नातं: —

तिनं आधी पाळणाघरात फोन लावला.

"तिसरं कोण असणार?" वत्सलाबाई म्हणाल्या. "तुमीच येता. सर तर वर्षात दोनदा आले, त्यात एकदा चुकून दुसऱ्याच पोरीची पिशवी घेऊन गेले."

"सरुबाई म्हणून कुणी आहे का तिकडे?"

"नाय बा. आन् असं दबक्या आवाजात का बोलताय?"

मग तिनं मयूरला फोन केला. तो आता पुण्यात होता. तिनं नाव सांगितलं.

"ती माझ्या वेळेलाही होती, मॅडम. दुसऱ्या एका मुलीच्या नोंदीत. ती मुलगी पुढे शाळेत गेली, मग ही तिथून हलली असेल."

"हलली? मग काढली का नाहीस?"

"काढायला गेलो होतो. तिसरी जागा रिकामी ठेवली की सेव्हच होत नाही. मी म्हटलं, आहे तर आहे. कुणाचं काही खात तर नाही." तो हसल्यासारखं करून थांबला. "तुम्ही काही बदललंय का?"

"अजून नाही."

"मग राहू द्या ना."

कार्ड कधी दिलेलंच नव्हतं. तरी मुदत वाढत होती, म्हणजे ते कुठल्या तरी फाटकाला दाखवलं जात होतं. संजनानं पाळणाघराच्या फाटकाची नोंद उघडली. सरुबाई, सोमवारी दुपारी चार दहा. शुक्रवारी चार दहा. शुक्रवारी चार दहा. कामाचा एकही दिवस चुकलेला नव्हता. प्रत्येक वेळी फाटकानं कार्ड ओळखलं होतं, हिरवा दिवा लागला होता, आणि एकदाही फाटक उघडलं नव्हतं. तिसऱ्या व्यक्तीला ओळख होती, प्रवेश नव्हता.

तिनं कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. रिकामी फरशी. ऑक्टोबरचं कडक ऊन. चार दहाला फाटकावरचा दिवा हिरवा झाला. समोर कुणीही नव्हतं.

खिडकीत वेदिका होती. काचेला नाक लावून, एक हात वर करून.

संध्याकाळी स्कूटीवर, पुढे उभ्या असलेल्या लेकीच्या कानाशी वाकून संजनानं विचारलं, "दुपारी खिडकीतून कुणाला टाटा करतेस गं?"

"सरूमावशीला."

संजनानं स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून एक टेम्पो शिव्या घालत गेला.

"ती काय करते?"

"काही नाही. उभी राहते. मग येते म्हणते." वेदिकानं जरा विचार केला. "तू सांगते ना, तसंच. आणि खरंच येते."

शेखरनं सगळं ऐकून घेतलं आणि पोळीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाला, "अगं, कुणीतरी चाचणीसाठी टाकलेलं नाव असेल. वेदिकानं तुझ्या तोंडून फोनवर ऐकलं असणार."

"ती कुठं होती तिथं मी फोन करताना?"

"संजू, तू गॅस तीनदा बघतेस."

"बघते. म्हणून घर शाबूत आहे."

बुधवारी तिनं टूलमध्ये नव्वद दिवसांची मुदत घातली आणि सरुबाईचं सर्टिफिकेट रद्द केलं. गुरुवारी सकाळी दहाला टूल चाललं आणि ते पुन्हा जिवंत झालं, नव्या कोऱ्या नव्वद दिवसांचं. नाव पुसून बघितलं तर मयूर म्हणाला तसंच झालं. नोंद सेव्ह होईना. मग तिनं टूलच्या पोटात हात घातला आणि पाळणाघराचा भाग ओळ न् ओळ वाचला. खाली, कुणीतरी पूर्वी स्वतःसाठी लिहून ठेवलेली एक सूचना होती.

"तिसरी जागा रिकामी राहत नाही. नाव पुसू नये. बदलूही नये. — स."

'बदलूही नये' हे नंतर जोडल्यासारखं दिसत होतं.

पण पुसता येत नसेल तर बदलायचं, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. प्रश्न एवढाच होता की कुणाचं नाव घालायचं. वत्सलाबाईंचं? शेजारणीचं? आपल्या लेकीला नेण्याचा हक्क संजना दुसऱ्या कुणाला द्यायला तयार नव्हती, कागदावरसुद्धा नाही. तिनं तिसऱ्या जागी स्वतःचंच नाव टाकलं. वर संजना, खाली संजना. सिस्टीमनं ते मुकाट्यानं घेतलं.

सर्टिफिकेटं सहाशे बारा.

त्या दुपारी चार वाजल्यापासून ती फाटकाच्या नोंदीसमोर बसून राहिली. चार दहा झाले, अकरा झाले, वीस झाले. कुणीच कार्ड दाखवलं नाही. साडेपाचला ती पाळणाघरात गेली, कार्ड लावलं, फाटक उघडलं. वेदिकाचा हात नेहमीसारखा गरम आणि चिकट होता. संजनाला एवढं हलकं वाटलं की तिनं वाटेत थांबून मायलेकींसाठी एक कुल्फी घेतली आणि दोघींनी ती उभ्यानं संपवली.

शुक्रवारी निघताना तिनं गॅस एकदाच बघितला.

वेदिकानं दारात काही मोजलं नाही. फाटकाशी पोचल्यावर हात सोडवून घेतला आणि मागे न बघता आत पळाली. ना येते, ना जाते. शहाणी होतेय, असं म्हणत संजना कामाला लागली. दिवस बैठकांत गेला. पावणेचारला ती जागेवर आली, टूल एकदाचं हातावेगळं करावं म्हणून तिनं शेवटची मोजदाद केली.

कार्डं सहाशे बारा. सर्टिफिकेटं सहाशे तेरा.

तिनं याद्या पुन्हा ओळीला ओळ लावल्या. या वेळी जास्तीची ओळ लवकर सापडली, कारण ते नाव तिला शोधावं लागलं नाही. कार्डांच्या रजिस्टरमध्ये संजना नावाला कार्ड दिल्याची नोंदच नव्हती.

तिनं वेदिकाची नोंद उघडली.

नेणारी व्यक्ती १: सरुबाई. नातं: आई.
नेणारी व्यक्ती २: शेखर. नातं: वडील.
नेणारी व्यक्ती ३: संजना. नातं: —

एक माणूस दोन ठिकाणी ठेवता येत नाही. सकाळी दहाला टूलनं आवरसावर केली होती. शेवटची नोंद खरी धरली, वरची जागा मोकळी केली, आणि मोकळी झालेली जागा तिनं हटवलेल्या नावानं भरून टाकली.

तिनं नाव बदलायला घेतलं. पडद्यावर आलं: या नोंदीत बदल करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तिनं शेखरला फोन लावला. तो उचलला गेला. "कोण बोलतंय?" त्यानं विचारलं. त्याच्या मागे वर्ग गलका करत होता.

"अरे, मी. संजू."

"कोण संजू? मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही." आणि मग, मास्तरकीच्या सभ्य आवाजात, "बाई, तुमचा राँग नंबर लागलाय."

तिनं पाळणाघरात फोन केला.

"वत्सलाबाई, वेदिकाला कुणाकडे देऊ नका. मी येतेय. कुणी आलं तरी देऊ नका."

"कुणाला देणार?" वत्सलाबाई हसल्या. "तिची आई आत्ताच आली की. वेणी घालतीय तिची. तुमी कोण, ताई?"

संजना पळत सुटली.

जिना. आवार. पार्किंग. गेटवरच्या वॉचमन समाधानला तिनं हाक मारली, पण रोज "मॅडम, चहा?" विचारणारा तो माणूस डोळ्यांवर हात धरून तिच्या पलीकडे, रस्त्याकडे बघत राहिला.

दोनशे पावलं होती. तिला ती नेहमीपेक्षा जास्त वाटली.

फाटक.

तिनं कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला.

फाटक उघडलं नाही.

पुन्हा लावलं. हिरवा. तिनं गज धरून हलवले. आत फरशीवर वत्सलाबाई चादरी वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली, उन्हात डोळे बारीक केले आणि पुन्हा चादर झटकली.

खिडकीत वेदिका आली.

दोन वेण्या घातल्या होत्या, घट्ट, लाल रिबिनींच्या. ती संजनाला कधी दोन वेण्या घालू द्यायची नाही. तिच्या खांद्यावर एक हात होता. बाकीचं सगळं पडद्याआड होतं. हात सावकाश तिच्या गालाकडे गेला आणि वेदिकानं, झोपताना उशीवर टाकावा तसा, गाल त्या तळव्यावर टाकला.

"वेदू!"

वेदिकानं तिच्याकडे बघितलं. नीट, ओळखीनं बघितलं. काचेला नाक लावलं, हात वर केला. काच जाड होती, पण ओठ स्पष्ट दिसत होते.

"जाते, मावशी."

तिला येते म्हण, असं कुणी सांगितलं नाही.

आतल्या भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.