धावल्यावरची पेज

"पाणी... जरा पाणी मिळेल?"

वासंती अंगणात सडा घालत होती. तिनं मान वर केली, तर दगडी गडग्याला धरून एक तरुण उभा. मार्गशीर्षातली सकाळ, अंगाला झोंबणारा गारठा, आणि या माणसाचा सदरा मात्र घामानं चिंब!

"अगं बाई! मागे कुत्रं लागलं का तुमच्या?"

"छे हो," धापा टाकत तो हसला. "मी आपला... हौसेनं धावतोय."

हौसेनं! रत्नागिरीतली माणसं बोट सुटायला आली की धावत, कोर्टाची वेळ झाली की धावत. हौसेनं धावणारं माणूस वासंतीनं आजवर पाहिलं नव्हतं. तिनं पडवीच्या कोनाड्यातला जर्मनच्या पत्र्याचा पेला घेतला आणि काठोकाठ भरून दिला. त्यानं तो एका दमात घशाखाली ओतला, आणि लगेच पोट धरून पायरीवर बसला.

"असं पितात होय पाणी? आधी बसायचं, श्वास खाली येऊ द्यायचा, मग घोट घोट घ्यायचं. उद्या येणार असाल तर माझ्या सांगण्याप्रमाणे प्यायचं, नाही तर येऊ नका!"

"म्हणजे उद्या यायचं तर!" तो म्हणाला.

वासंतीनं जीभ चावली. पण आता बोलून बसली होती ना!

हा रघुनाथ. कुवारबावच्या पलीकडल्या वाडीतला कुणब्याचा मुलगा, शिकून शहरातल्या शाळेत मास्तर झालेला. होळीनंतर कोल्हापूरला धावण्याची मोठी शर्यत होती. तिच्यासाठी तो रोज सकाळी पालीच्या रस्त्यानं धावत शहरापर्यंत यायचा. वासंतीचं घर त्या रस्त्याला लागूनच. आई लवकर गेलेली, घरात ती आणि तिचे वडील, आप्पा. कलमांची बाग आणि वर्तमानपत्र, एवढंच आप्पांचं जग. स्वयंपाकघर वासंतीच्या हाती होतं, आणि त्या स्वयंपाकघराला आता एक नवाच उद्योग लागला.

आमसुलाचं सरबत झालं, मीठ जरा जास्त घालून. "तहान भागते," रघुनाथ म्हणाला, "पण पोटऱ्यांत गोळे येतात ते येतातच." मग गूळ घालून दूध झालं, ते धावलेल्या पोटात टिकेना. ताक झालं, कुळथाचं कढण झालं. नाचणीची आंबील केली, ती मात्र मानवली. तालमीतले वस्ताद त्याला सांगत, धावल्यावर घटकाभर पाण्याला शिवायचं नाही. ते ऐकून वासंती भडकलीच.

"वस्तादांना म्हणावं, औत ओढून आलेल्या बैलालासुद्धा आम्ही पाणी दाखवतो!"

"म्हणजे मी बैल?"

"छे! बैल एवढं बोलत नाही."

तो खो खो हसला. मग म्हणाला, "खरं सांगू? धावून घरी गेलो की आईच्या हातची उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि लोणच्याची फोड. त्याच्यापुढे सगळं फिकं. पाय नवे होतात अगदी."

"मग मी करते की पेज!"

"तुमची पातळ होईल."

"न चाखताच?"

"हात बघून सांगतो," असं म्हणून तो खरंच तिच्या हातांकडे बघत राहिला. वासंतीनं हात पदराआड घेतले. त्या दिवशी भाजी दोनदा करपली.

पिऊन झालं की तो पेला स्वतः विसळायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. काय हा नीटनेटका माणूस, असं वासंतीला वाटे. आप्पांना तिनं ते कौतुकानं सांगितलंसुद्धा. आप्पा वर्तमानपत्राआडून नुसते 'हं' म्हणाले.

माघात मोहोर फुलला तेव्हा पुण्याहून चारुदत्त आला, आप्पांच्या स्नेह्यांचा मुलगा. एका सकाळी रघुनाथबरोबर तोही धावला आणि दोघं घामाघूम होऊन पायरीवर बसले. वासंतीनं आंबील आणली. चारुदत्ताला आतल्या फुलपात्रात, रघुनाथला कोनाड्यातल्या पेल्यात. तिच्या मनात काही आलंही नाही, रोजचीच सवय! चारुदत्त फुलपात्र तिथंच ठेवून आत गेला. रघुनाथ विसळायला वाकला.

"राहू द्या हो मास्तर, मी घासते," म्हणत तिनं त्याच्या हातून पेला घेतला आणि ती आत वळली.

"वासू," आतून आप्पांचा आवाज आला, शांत, नेहमीचाच. "तो पेला आत आणू नकोस. गड्यांचा आहे तो."

वासंती उंबऱ्यातच थबकली. इतके दिवस! इतके दिवस जीव ओतून ती याच्यासाठी रांधत होती, आणि देत होती ते गड्यांच्या पेल्यात! त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कसला नीटनेटकेपणा आणि कसलं काय... तिला मान वर करवेना. रघुनाथनं पेला हळूच तिच्या हातून घेतला, विसळला, पालथा घातला. "येतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही नाही. त्यानं वाटच बदलली होती. शेवटी शाळा सुटताना तिनंच त्याला रस्त्यात गाठलं.

"रागावलात?"

"तुमच्यावर? नाही."

"मग येत का नाही?"

"पेल्याची मला लहानपणापासून सवय आहे, वासंतीबाई. कुणाच्याही हातून घेतो. पण तुमच्या हातून घेताना... आताशा लागतं."

"माझ्याच का?"

"तुम्ही मला आवडता म्हणून." तो सरळ तिच्याकडे बघत म्हणाला. "आणि आवडून काही होणार नाही, हेही मला कळतं. धावायचं तर दुसऱ्या वाटेनं धावलेलं बरं."

तो गेला. वासंती भर रस्त्यात उभी राहिली, आणि आपल्यालाही तो आवडतो, फार आवडतो, हे तिला तिथंच कळून चुकलं.

संध्याकाळी तिनं आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा काही वाईट माणूस नव्हते. "दारी आलेल्याला मी कधी तहानलेला पाठवलेला नाही," ते म्हणाले. "पण त्यांच्या चुलीवरचं अन्न तू खाल्लंस, तर या घरात तुला जागा नाही, वासू. मला चार लोकांत राहायचंय."

रविवारी तिनं आप्पांचा स्वयंपाक करून झाकून ठेवला. "मी मास्तरांच्या घरी जातेय," तिनं सांगितलं. वर्तमानपत्र खाली आलं.

निघाली तेव्हा ती चालतच होती. पण पावलागणिक धीर सुटू लागला. आप्पा एकटे पाटावर बसतील, भात कोण वाढेल... अशीच चालत राहिले तर परत फिरेन, हे तिला कळलं. तिनं पदर खोचला आणि ती धावत सुटली! तांबड्या धुळीतून, चढावरून, काजूच्या रायांमधून. एका गाडीवानानं तर बैल थांबवून बघितलं. बघेना का मेला!

वाडीत पोचली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. रघुनाथची आई, गोदूबाई, खळ्यात भात वाळत घालत होती. तिनं लगबगीनं तिला ओटीवर बसवलं. "अगो बाय, काय झाला गो?" तेवढ्यात रघुनाथ बाहेर आला आणि बघतच राहिला.

ही कोण ते लेकाच्या चेहऱ्यावरून गोदूबाईला कळलं. "रघू, शहाळा काढ आधी," ती घाईघाईनं म्हणाली. शहाळं कुणाच्याही हातचं चालतं, त्याला विटाळ नाही. माउली तिला वाचवू बघत होती. वासंतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शहाळं नको, मावशी. मला पेज द्या."

"आमच्या चुलीवरची हाय ती, बाय. तुझ्या घरी चालंल?"

"नाही चालणार. आप्पा म्हणालेत, खाल्लीस तर घरात जागा नाही."

"वासंती, नका," रघुनाथ पुढे झाला. "नीट विचार करा."

"विचार करत आले असते तर पोचलेच नसते. म्हणून तर धावले!"

गोदूबाईनं लेकाकडे पाहिलं, मग आत जाऊन आपल्या स्वतःच्या वाडग्यात पेज आणली. दाट, वाफाळती, कडेला लोणच्याची फोड. वासंतीनं दोन्ही हातांनी वाडगा धरला. पहिल्या घोटाला आप्पांची आठवण आली. तिनं डोळे पुसले, पुढचा घोट घेतला, आणि तळाशी शीतही ठेवलं नाही.

"आता आप्पांनी दार उघडलं नाही तर?" रघुनाथनं विचारलं.

"तर तुम्ही घरात घ्याल का मला? ते सांगा."

त्यानं तोंड उघडलं, पण गोदूबाईच आधी बोलली. "त्याला काय इचारतंस? इतक्या दिसांत धड जेवला न्हाय तो. आन तो वाडगा हकडं, अजून वाढतंय."

रघुनाथ तिच्याशेजारी बसला आणि आईसमोरच त्यानं तिचा हात हातात घेतला. "संध्याकाळी मी येतो तुमच्याबरोबर. मी बोलेन आप्पांशी."

"दोघं बोलू," वासंती म्हणाली. "ते रडले तर मी रात्रभर त्यांच्याजवळ बसेन. हाकललं तर तुमच्याबरोबर परत येईन. पण लग्न मी तुमच्याशीच करणार."