वळणारी मावशी

या, असे जवळ सरका. मागच्यांनी पुढच्या मोकळ्या जागा भरा. आजचं आख्यान पुराणातलं नाही, थोड्या पुढच्या काळातलं आहे. पण ऐकून झाल्यावर ते आपल्याच घरातलं वाटलं नाही, तर मला जाब विचारा.

मिरजेच्या ‘चटकदार’ नावाच्या खाण्याच्या दुकानात बर्गर ज्या कागदावर ठेवून येई, तो जिवंत असे. त्याला प्रकाशकागद म्हणत. मूल समोर बसलं की त्यावर वीतभर उंचीची बाई उभी राही. तंग पोलकं, उघडी कंबर, हातात बर्गर. टिचकी मारली की ती गिरकी घेई आणि म्हणे, “घे ना, तुझ्यासाठीच आहे मी.” तिचं नाव ठेवलं होतं मावशी. माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्या मुलखात याहून भरवशाचं नाव कुठून आणायचं?

हा कागद देवयानी आरगेने घडवला होता. बघणाऱ्याची नजर कुठे रेंगाळते ते तो मोजे आणि पुढच्या खेपेला चित्र तेवढं बदले. उद्यापासून तो शाळांच्या उपाहारगृहांत जायचा होता. त्या आनंदात तिने बहिणीला, वैजयंतीला, आणि सहा वर्षांच्या भाच्याला तिथे जेवायला आणलं.

“वळ की,” कौस्तुभने कागदावर टिचकी मारली. ती वळली. मग त्याने देवयानीच्या दंडावर टिचकी मारली. “आता तू वळ.”

“अरे, जेवतेय मी.”

पुन्हा टिचकी. थोडी वाट पाहून तो शांतपणे म्हणाला, “आई, ही मावशी बिघडलीये.”

वैजयंती हसली. “तुला पाहायला आलेली मंडळीही हेच म्हणून गेली होती गं.”

देवयानीने हातातला घास खाली ठेवला.

कचेरीत जाऊन तिने नजरेची मापं उघडली. पहिल्या खेपेला मुलं चेहऱ्याकडेच बघत होती, ही काय बोलतेय म्हणून. कागद मात्र आधी मोठ्यांच्या नजरांवर शिकलेला. तो दर खेपेला चेहरा किंचित मंद करी, कंबर उजळ करी. हळूहळू मुलांची नजरही खाली उतरली होती.

“मुलं बघतात ते आपण दाखवतो,” कंपनीचे प्रमुख पारगावकर म्हणाले.

“नाही सर. आपण दाखवतो ते बघायला ती शिकतात. माप तुमच्यासमोर आहे.”

“अहो, आपण बर्गर विकतो, बाई नाही.”

“मग बर्गर दाखवा की.”

पारगावकरांनी उद्याच्या शाळांची यादी पुढे सरकवली. देवयानी म्हणाली, “माझ्या अंगठ्याच्या ठशाशिवाय हा कागद नव्या जागी उजळत नाही. मी अंगठा देणार नाही.”

“दुसरं कुणीतरी नवा कागद करील.”

“करू दे. त्यालाही मी ही मापं दाखवीन.”

सत्याची बाजू धरलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही. तिचाही चढला नाही.

संध्याकाळी तिने कौस्तुभला जवळ घेतलं. “माणूस ‘नको’ म्हणाला म्हणजे बिघडलेला नसतो, राजा.”

त्याने विचार केला. “मग कागदातल्या मावशीचं नाव काय?”

त्या हालचाली खऱ्याच कुणा बाईच्या अंगावरून टिपलेल्या होत्या. कुणाच्या, हे देवयानीने कधी विचारलंच नव्हतं. तिने चित्रण करणाऱ्या स्टुडिओला फोन लावला. हेमलता सुतार. जतच्या एका शाळेत कबड्डी शिकवायच्या. खेळाचे धडे तयार करायचे आहेत असं त्यांना सांगितलं होतं. ती गिरकी म्हणजे चढाई करून परतताना त्यांनी घेतलेलं वळण होतं. बाकीचं सगळं त्यावर नंतर चढवलेलं.

देवयानीने हे सांगताच कौस्तुभ उठला, दम धरून खोलीभर धावला आणि दाराशी गर्रकन वळला. “असं?”

“बहुतेक.”

“मला शिकवतील त्या? विचार ना त्यांना.”

शाळा वाचल्या, सज्जनहो. जुन्या दुकानांतून मात्र तो कागद अजून उजळतो, आणि या घटकेलाही कुणाचं तरी लेकरू त्यावर टिचकी मारत असेल. त्याला तिचं नाव कोण सांगणार? ते तुमच्या-माझ्यावर आलं आहे. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा क्षणभर जतच्या हेमलताबाईंची आठवण ठेवा.