पावण्याचं नाव

कोकराच्या तोंडात बोट घालून रुद्राणी म्हणाली, "अण्णा, बघ. मेंढीला वरच्या हिरडीला पुढचे दातच नसतात. नुसती गादी." मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, सुट्टीच्या दिवशीही शिकवणं सुटत नसे. कोकरू बोट चोखत राहिलं.

सिद्धारामचं लक्ष नव्हतं. सोलापुरात इंग्रजी शिकवणारा तिचा हा थोरला भाऊ. आईवडील गेल्यापासून घरात दोघंच. एकतीस सालच्या त्या हिवाळ्यात तो एकाच शब्दामागे लागला होता : वुल्फ. त्यापायीच तो तिला घेऊन वळसंगच्या माळावर, मायाक्का धनगरणीच्या कळपाशी आला होता.

"वुल्फ म्हणजे आपल्या संस्कृतातला वृक," तो म्हणाला. "वृक म्हणजे फाडणारा. लांडगा म्हणजे बहुधा लांडा, तोकड्या शेपटीचा. सगळी टोपणनावं! खरं नाव कुणी घेतच नाही."

"हळू बोला की, मास्तर," मायाक्का म्हणाली. "आमी त्याला नुसतं पावणा म्हणतो. नावानं हाक मारल्यावर त्यो येनारच की."

"मग चहा टाक," सिद्धाराम हसला. मायाक्का हसली नाही.

भाषा ताडून बघत तो वृकाच्याही मागे, त्याहून जुन्या भाषेपर्यंत पोचला होता. तिथलं नाव त्याला सापडलं होतं, पण उच्चारायला जीभ कचरत होती.

"घाबरतोस काय?" रुद्राणी म्हणाली. "आवाज म्हणजे हवेतला कंप. म्हण."

त्यानं म्हटलं.

घशाच्या तळातून ओढून काढल्यासारखा आवाज. कळपाचं कुत्रं शेपूट घालून पळालं. ऊन लख्ख होतं. माळावर लांबवर काही हलत नव्हतं. फक्त चरण्याचा आवाज थांबला होता.

मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या.

पहिली त्याच्या गुडघ्यांवर आदळली. तो पडला आणि कळप त्याच्यावर मिटला. त्याची किंकाळी मध्येच तुटली. मग ओलं कापड टरकवल्यासारखा आवाज येत राहिला. मायाक्काची काठी मोडली. रुद्राणीनं दगड उचलून एका मेंढीचं डोकं फुटेपर्यंत घाव घातले. बाकीच्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

मग त्या पांगल्या. चरू लागल्या. छातीवरची लोकर भिजून काळी झाली होती.

सिद्धारामला गळा उरला नव्हता.

"आला की त्यो," मायाक्का पुटपुटली.

"दात नसतात त्यांना," रुद्राणी पुन्हा पुन्हा म्हणत होती. "वर दातच नसतात."

कोकरू तिच्याजवळ आलं. लोंबत्या हाताचं बोट त्यानं मघासारखंच तोंडात घेतलं आणि चोखू लागलं.

वरच्या हिरडीतून काहीतरी टोचलं.